प्रोग्राम कशाच्या आधारावर चालतो?

एखादा लहानसा हिशेबाचा प्रोग्राम मित्रानें कौतुकानें द्यावा, घरच्या संगणकावर तो उघडावयास जावें, आणि पडद्यावर सूचना यावी कीं डॉट नेट फ्रेमवर्कची अमुक आवृत्ति नसल्यामुळें हा प्रोग्राम चालणार नाहीं, हा अनुभव पुष्कळ घरांना आहे. मित्राच्या संगणकावर तोच प्रोग्राम उत्तम चालत असतो. फाइल तीच, विंडोज तेंच. मग अडतें कोठें?

जुन्या फिरत्या नाटकमंडळीची रीत आठवली म्हणजे उत्तर सोपें होतें. मंडळी गांवीं येई ती नटांचा संच, संहिता व पोशाख घेऊन. रंगमंच आणि प्रेक्षकांची बैठक त्या गांवच्या नाटकगृहाची असे. आजचे बरेचसे प्रोग्रामहि असाच प्रवास करतात. खिडक्या व बटनें काढणें, फाइली उघडणें, स्मृतींत जागा देणें व काम सरल्यावर ती मोकळी करणें, हीं नित्याचीं कामें प्रोग्राम स्वतः करीत नाहीं. संगणकावर अगोदर बसविलेला एक सामाईक आधार तीं करतो. जाणकार त्याला रनटाइम म्हणतात. जावा व डॉट नेट हीं त्याचीं सर्वांत परिचित उदाहरणें.

सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीनें १९९५ सालीं जावा जाहीर केली, तेव्हां एकदां लिहा व कोठेंहि चालवा, अशी तिची द्वाही फिरविली. कल्पना खरोखरच मोहक होती. आधार एकच, त्यावर प्रोग्राम अनेक. म्हणून प्रत्येकाचा आकार लहान. शिवाय आधारांत दोष सांपडला तर तो एकाच ठिकाणीं दुरुस्त करावा आणि सर्व प्रोग्राम एकदम सुरक्षित व्हावे.

व्यवहारांत पहिली अडचण आली ती आधार घरोघर पोंचविण्याची. मायक्रोसॉफ्टचें डॉट नेट फ्रेमवर्क २००२ सालीं निघालें. पण विंडोज एक्सपी त्याच्या आदल्याच वर्षीं बाजारांत आलें होतें, त्यांत तें असणें शक्यच नव्हतें. प्रोग्राम कांहीं शें किलोबाइटांचा आणि त्याचा आधार सुमारे २० मेगाबाइटांचा! ५६ किलोबिटांच्या मोडेमवर एवढें उतरून घेण्यास पाऊण तास सहज लागे, आणि मध्येंच टेलिफोन तुटला कीं पुन्हां श्रीगणेशा. ग्राहक तेवढा धीर धरीत नसे. प्रोग्राम बिघडलेला आहे असें समजून तो काढून टाकी, व दोष मात्र लिहिणाराच्या माथीं बसे.

दुसरी अडचण आवृत्त्यांची, आणि ती अधिक चिवट. विंडोज ८ हें २०१२ सालीं आलें तें डॉट नेटची ४.५ ही आवृत्ति घेऊन. जुन्या प्रोग्रामांना लागणारी ३.५ ही आवृत्ति मात्र वेगळी चालू करावी लागे. नाटकगृह होतें, पण या मंडळीचा खेळ ज्यावर बसविला होता तो रंगमंच तेथें नव्हता.

दुरुस्ति एकाच ठिकाणीं होते हा जो मोठा लाभ, त्याची परीक्षाहि त्याच वर्षीं झाली. सन कंपनी २०१० सालीं ओरॅकलनें घेतली होती. ओरॅकलनें जावामधील एक धोकादायक छिद्र फेब्रुवारी २०१२ मध्यें बुजविलें. परंतु मॅक संगणकांवरील जावा अ‍ॅपल कंपनी स्वतः पुरवीत असे, आणि तिची दुरुस्ति निघाली एप्रिलांत. मधल्या काळांत फ्लॅशबॅक नांवाचा उपद्रवी प्रोग्राम सुमारे ६ लाख मॅक संगणकांत शिरला. सामाईक आड स्वच्छ असेल तर सर्व वाडा निरोगी, पण आडच नासला तर बिऱ्हाड कोणतेंहि असो, सुटका नाहीं. विंडोजवरची कथा निराळी. तेथें जावाची नवी आवृत्ति बसविली तरी कित्येक जुन्या आवृत्त्या मागें तशाच राहत व त्यांतलीं छिद्रेंहि राहत. ग्राहकाला मात्र आपण सुरक्षित झालों असें वाटे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननें याच कारणास्तव ओरॅकलवर आक्षेप घेतला, आणि डिसेंबर २०१५ मध्यें त्या प्रकरणाची तडजोड झाली.

पुढें वारें फिरलें. २०१७ च्या जावा ९ मध्यें, प्रोग्रामास लागतील तेवढेच भाग निवडून लहानसा खाजगी रनटाइम तयार करण्याची सोय आली. २०१८ च्या जावा ११ पासून ओरॅकलनें सर्वांसाठीं वेगळा रनटाइम देणेंच थांबविलें. डॉट नेटच्या नव्या शाखेनेंहि २०१९ पासून विंडोजच्या खिडकीवाल्या प्रोग्रामांना आपला आधार सोबत नेण्याची मुभा दिली. थोडक्यांत, मंडळी आतां आपला तंबूच घेऊन फिरूं लागली. लहानसा प्रोग्राम त्यायोगें १०० मेगाबाइटांवर जातो खरा, परंतु आजच्या जलद जोडणीच्या काळांत त्याचें कोणाला फारसें वाटत नाहीं, आणि ग्राहकाच्या घरीं पहिल्याच दिवशीं प्रोग्राम उघडतो, हें लिहिणाराचें मोठें समाधान.

तंबूचें ठिगळ मात्र मंडळीनेंच लावावयाचें. सोबत दिलेल्या आधारांत दोष निघाला तर कोणत्याहि मोठ्या कंपनीची दुरुस्ति त्यापर्यंत पोंचत नाहीं. लिहिणारानें सबंध प्रोग्राम नव्यानें बांधून पुन्हां वांटला पाहिजे. दहा प्रोग्राम असतील तर दहा लेखकांनीं हें करावें लागेल, आणि त्यांतल्या एखाद्यानें धंदा केव्हांच सोडलेला असतो. लिनक्सवरील फ्लॅटपॅकनें मधला मार्ग काढला आहे: रनटाइम सामाईकच, पण त्याच्या अनेक आवृत्त्या शेजारीं शेजारीं नांदतात व प्रत्येक प्रोग्राम आपल्याला हवी ती नांवानें मागतो. विंडोजवरील घरगुती संगणकांत अजून दोन्ही रीती एकत्र आढळतात, आणि त्यांतला एक फरक गृहस्थाच्या सहसा ध्यानांत येत नाहीं. सामाईक म्हणून बसविलेला जावा विंडोजच्या प्रोग्रामांच्या यादींत आवृत्तीसह दिसतो. एखाद्या प्रोग्रामच्या पोटांत आलेला जावा त्या यादींत नसतो. त्याचें वय त्या प्रोग्रामच्या लेखकालाच विचारावें लागतें.