काचपेटीतला सूर्य

ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागातील रखरखीत मुलखात शेपटीसकट हातभर लांब असा एक सरडा राहतो. चिडला म्हणजे तो गळ्याखालची काटेरी कातडी फुगवून काळी करतो. त्यावरून इंग्रजीत त्याला ‘बिअर्डेड ड्रॅगन’, म्हणजे दाढीवाला ड्रॅगन, हे नाव पडले. ऑस्ट्रेलियाने आपले वन्य प्राणी व्यापारासाठी परदेशी पाठविण्यास बंदी केली आहे. तरी पूर्वी बाहेर गेलेल्या सरड्यांची प्रजा इंग्लंड, जर्मनी, अमेरिका येथील घरांतून आज उदंड झाली आहे. (आपल्याकडील घोरपड किंवा तारा कासव घरी ठेवणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये गुन्हा आहे, हे आधीच सांगून टाकतो. आमचे ऐकून कोणी पेटी करावयास सुताराकडे जाऊ नये!)

लंडनच्या डिसेंबरात माणसालाच सूर्याचे दर्शन दुर्मिळ. तेथे या वाळवंटी जीवाला दिवा लावून द्यावा लागतो. कोणता दिवा, हा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही. चुकीच्या दिव्याखाली सरडा पोटभर खाऊनही हळूहळू लुळा होतो.

प्रथम उष्णतेचे पाहू. आपले शरीर अन्न जाळून आपली ऊब टिकविते. सरड्याला ती बाहेरून उसनी घ्यावी लागते. सुमारे ३५ अंश सेल्सिअस तापल्याशिवाय त्याचे पचन नीट चालत नाही. म्हणून सारी पेटी ३५ अंशांवर ठेवावी, असे नवशिक्यास वाटते. पण तसे केल्यास सरड्याला निवावयास जागाच उरत नाही. जाणते लोक पेटीच्या एका टोकाला दिव्याखालचा दगड ४० अंशांपर्यंत तापू देतात आणि दुसरे टोक २५ च्या आसपास ठेवतात. मग सरडा तापला की सरकतो, गारठला की परततो. थर्मोस्टॅट हवाच, पण तो दिवा बेफाम होऊ नये म्हणून. खरे नियमन सरडा आपल्या पायांनी करतो.

या कामी साधा हॅलोजन दिवा उत्तम, कारण सूर्याप्रमाणेच त्याचे जवळचे अवरक्त किरण कातडीखाली खोल शिरतात. चिनी मातीचा तापक प्रकाश देत नाही व वरवरच तापवितो; थंड रात्री तो उपयोगी. विजेने तापणारे नकली दगड मात्र आम्हांस मुळीच पसंत नाहीत. त्यांवर पोट टेकून बसलेले प्राणी भाजल्याची उदाहरणे आहेत.

आता अतिनील किरण, ज्यांना जुन्या पुस्तकांत जंबुपार म्हटले आहे. १९१९ साली बर्लिनमध्ये डॉ. हुल्डशिन्स्की यांनी मुडदूस झालेल्या मुलांना पाऱ्याच्या दिव्याखाली बसवून बरे केले. सरड्याचे दुखणे याच जातीचे आहे. सुमारे २९० ते ३१५ नॅनोमीटर लांबीचे किरण कातडीतील एका द्रव्यावर पडले म्हणजे ‘ड’ जीवनसत्त्वाची पूर्वावस्था तयार होते, आणि अंगाच्या उबेने तिचे ‘ड३’ बनते. ते नसेल तर खाल्लेला चुना हाडांपर्यंत पोचत नाही. जबडा रबरासारखा मऊ होतो, पाय वाकतात. येथे ऊब आणि किरण दोन्ही लागतात, हे विसरता कामा नये. म्हणून अतिनील नळी हॅलोजनच्या शेजारीच, वरच्या बाजूस बसवावयाची. गार कोपऱ्यात लावलेली नळी जवळजवळ वाया गेली.

जीवनसत्त्वाची भुकटी चारून भागणार नाही का? २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात या सरड्याच्या पिलांना ते तोंडावाटे दिले, तरी किरणांखाली वाढलेल्या पिलांची रक्तातील पातळी त्यांना गाठता आली नाही.

खरी फसगत होते ती आपल्या डोळ्यांची. अतिनील आपणांस दिसत नाही. लख्ख दिव्यात ते नसेलही. खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हात हे उपयोगी किरण जवळपास उरत नाहीत. पेटीवरची बारीक जाळी त्यांचा मोठा हिस्सा अडविते, आणि अंतर वाढले की ते झपाट्याने उणे होतात. उलट अतिरेकाने डोळे सुजतात. म्हणून हल्ली अतिनील निर्देशांक मोजणारे छोटे यंत्र वापरतात. या सरड्याला दगडाच्या उंचीवर ३ ते ५ पुरे, आणि पलीकडे पूर्ण सावली. नळी जुनी झाली म्हणजे प्रकाश तसाच राहतो, पण किरण ओसरतात; म्हणून मोजणी अधूनमधून पुन्हा करावी लागते.

रात्रीसाठी लाल दिवे विकतात, प्राण्याला लाल दिसत नाही असे सांगून. सरड्याला लाल चांगले दिसते. रात्री त्याला अंधार हवा. घर २० अंशांच्या आसपास असेल तर दुसरे काहीच लावावे लागत नाही.