नेव्हिल डिसोझा: मेलबर्नची हॅटट्रिक

आमच्या रेणापुरात क्रिकेटच्या नोंदी पोरांना तोंडपाठ असतात. आज एक फुटबॉलवालाही ओळखून ठेवा.

नेव्हिल डिसोझा. जन्म १९३२, गोव्यातलं असोळणा. खेळला मुंबईत, टाटा आणि कॅलटेक्स या संघांकडून. जागा सेंटर फॉरवर्डची, म्हणजे गोल मारणं हेच मुख्य काम!

१९५६, मेलबर्न ऑलिंपिक. हंगेरीने माघार घेतली आणि आपण थेट उपांत्यपूर्व फेरीत. समोर यजमान ऑस्ट्रेलिया, प्रेक्षकही त्यांचेच. नेव्हिलने ९व्या, ३३व्या आणि ५०व्या मिनिटाला गोल ठोकले. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई! आपण ४-२ ने जिंकलो.

उपांत्य सामन्यात मध्यंतरापर्यंत गोलफलक कोरा. नंतर पहिला गोल पुन्हा नेव्हिलचाच. बलाढ्य युगोस्लाव्हिया चक्क मागे पडली होती! पुढे मात्र त्यांनी सामना ४-१ ने काढला. कांस्यपदकाच्या लढतीत बल्गेरियाकडून ०-३ हार, आणि भारत चौथा. ऑलिंपिक फुटबॉलमधली आपली ती आजवरची सर्वोत्तम कामगिरी.

चार गोलांसह नेव्हिल स्पर्धेत संयुक्तपणे अव्वल ठरला. एवढ्या मोठ्या खेळाडूला अर्जुन पुरस्कार मिळाला नाही, ही गोष्ट मला फार लागते. १९८० साली, पन्नाशीच्या आतच, तो गेला.