शेवटच्या नळाची जबाबदारी

महाराष्ट्रात पाण्यावर ज्यांची सही चालते अशा खुर्च्या मोजायला बसलं, तर दोन्ही हातांची बोटं लागतात. जीवन प्राधिकरण, भूजल यंत्रणा, जलसंपत्ती नियमन प्राधिकरण, प्रदूषण नियंत्रण मंडळ, जिल्हा परिषद, महापालिका, आरोग्य खातं, जिल्हाधिकारी. पण नळाला येणारं पाणी पिण्याजोगं आहे की नाही एवढंच बघणारी, आणि नसेल तर पुरवठा करणाऱ्याला जाब विचारणारी खुर्ची यांत एकही नाही. पाणी तपासण्यात माझी चौतीस वर्षं गेली. त्यातली निदान वीस वर्षं मी हीच एक खुर्ची मागत आलो आहे. संपादकांनी आढावा मागितला आहे, तो देतो. पण माझं बोट शेवटी तिथेच जाणार.

कायद्यांचा इतिहास भराभर उरकतो. १९७२ च्या दुष्काळाच्या काळात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आली. १९७६ च्या कायद्याने पाणीपुरवठा व जलनिस्सारण मंडळ आलं, त्याचंच १९९७ मध्ये जीवन प्राधिकरण झालं. १९७४ चा जलप्रदूषण कायदा नदी-नाल्यांचा. १९९३ च्या भूजल कायद्याने गावाच्या पिण्याच्या विहिरीपासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर खणायला बंदी केली. पुढे २००९ चा व्यापक कायदा झाला, तो लागू व्हायला २०१४ उजाडलं. २००५ मध्ये जलसंपत्ती नियमन प्राधिकरण झालं, त्याचे अध्यक्ष मुख्य सचिवाच्या दर्जाचे. आमच्यातले काही जाणकार परिसंवादांत हमखास सांगतात, ‘नियामक आहे की, आणखी कशाला हवा?’ त्यांना माझं उत्तर वर्षानुवर्षं तेच आहे. हे प्राधिकरण पाण्याचे हक्क आणि ठोक दर ठरवतं. तुमच्या मोरीतल्या नळाशी त्याचा संबंध नाही. धरणातलं पाणी कुणाच्या वाट्याला किती, हा प्रश्न वेगळा आणि तांब्यातलं पाणी मुलाला द्यायचं की नाही, हा वेगळा.

आता त्या नळाकडे येतो. आमच्या पिढीचं हत्यार म्हणजे ओटी. परीक्षानळीत पाणी घ्यायचं, ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकायचे, हलवायचं. पिवळं झालं तर क्लोरीन आहे. क्लोरोस्कोपच्या रंगाशी ताडून बघायचं. आयएस १०५०० या भारतीय मानकाप्रमाणे मोकळा क्लोरीन लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम तरी हवा. ऑर्थोटोलिडिन अंगाला घातक म्हणून आता डीपीडीच्या गोळ्या आल्या, पाणी गुलाबी होतं. पण जुन्या माणसांच्या तोंडी आजही ओटीच आहे. टाकीखालचा नळ पिवळा येणारच. खरी परीक्षा शेवटच्या नळाची.

एका तालुक्याच्या गावी काविळीची साथ आली होती. टाकीजवळचे सगळे अहवाल स्वच्छ. मी पाइपलाइनच्या टोकाच्या गल्लीत गेलो. तिथं पाइप गटारातून आडवा गेला होता आणि पाणी दिवसाआड तासभर यायचं. पुरवठा थांबला की रिकाम्या पाइपात ओढ निर्माण होते आणि सांध्यांतून बाहेरची घाण आत खेचली जाते. एका म्हातारीच्या हंड्यातून पाणी घेतलं, थेंब टाकले. नळी शेवटपर्यंत पांढरी राहिली. त्या संध्याकाळी मला ‘पाणी बंद करा’ म्हणायचा अधिकार नव्हता. ज्याला होता तोच पुरवठा चालवत होता, आणि जुने अहवाल त्याच्याच सहीचे होते.

तिथंच आणखी एक गोष्ट कळली. जंतुतपासणीच्या बाटलीत सोडियम थायोसल्फेट घालावं लागतं. ते नसेल तर नमुन्यातला क्लोरीन वाटेतही जंतू मारत राहतो आणि प्रयोगशाळेचा अहवाल खोटा स्वच्छ येतो. काही बाटल्या नुसत्या धुतलेल्या होत्या. एवढ्या बारीक गोष्टीवर शेकडो घरांचं आरोग्य टांगलेलं असतं. म्हणून तपासणाऱ्याचीही तपासणी करणारा कुणीतरी वेगळा लागतो.

असा माणूस इंग्लंडने नेमला. ६ जुलै १९८८ रोजी कॉर्नवॉलमधल्या लोअरमूर शुद्धीकरण केंद्रात एका टँकरचालकाने २० टन ॲल्युमिनियम सल्फेट चुकीच्या टाकीत ओतलं. कॅमलफर्ड परिसरातल्या सुमारे २० हजार लोकांच्या नळाला ते गेलं, आणि त्यांना खरं कारण कळायला दोन आठवड्यांहून अधिक काळ लागला. पुढच्याच वर्षी तिथल्या पाणी कंपन्या खासगी झाल्या आणि १९९० मध्ये ड्रिंकिंग वॉटर इन्स्पेक्टोरेट सुरू झालं. त्याचा प्रमुख म्हणजे चीफ इन्स्पेक्टर. तो पाणी पुरवत नाही, दर ठरवत नाही. नमुने कंपन्याच घेतात. तो नमुन्यांच्या जागा, प्रयोगशाळा, नोंदवह्या तपासतो, दरवर्षी जाहीर अहवाल देतो आणि वेळ पडली तर कंपनीला कोर्टात खेचतो. जेनी कोलबर्न या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ बाई त्या खुर्चीवर बरीच वर्षं होत्या. इमारतींच्या नळजोडणीत लेजिओनेला कसा वाढतो, यावर आधी त्यांनी काम केलेलं होतं. खुर्चीवरच्या माणसाने नळी हातात धरलेली असावी, असं मी म्हणतो ते याचसाठी. जुलै २०२५ मध्ये सर जॉन कन्लिफ यांच्या आयोगाने हे इन्स्पेक्टोरेट एका मोठ्या नियामकात विलीन करायची शिफारस केली आहे. मला ती पटत नाही. दरांच्या भांडणात शुद्धतेचा आवाज दबतो.

आपल्याकडे मात्र घडी आणखी विस्कटते आहे. पूर्वी ग्रामपंचायतीला स्वच्छता सर्वेक्षणानंतर धोक्याचं लाल कार्ड मिळालं की सरपंचाला कमीपणा वाटायचा. टीसीएलच्या, म्हणजे ब्लीचिंग पावडरच्या, पिशवीत क्लोरीन २० टक्क्यांच्या खाली गेला की आम्ही ती पिशवी परत पाठवत असू. २०१९ पासून जल जीवन मिशनमध्ये नळजोडण्यांचा आकडा मोठा झाला, गावोगावी पाच बायकांना किटवर तपासणी शिकवायची सोय झाली, ही चांगलीच गोष्ट. पण किटवर पाण्यात दोष सापडला तर त्या बाईने कुणाकडे जायचं? पुरवठा करणाऱ्या ग्रामपंचायतीकडेच. शहरात लोकांनी आरओ बसवले आणि नळाबद्दल बोलणंच सोडलं. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी भागात गुलियन बॅरे सिंड्रोमचे रुग्ण वाढले आणि पुणे परिसरातला आकडा दोनशेच्या पुढे गेला, तेव्हा दूषित पाण्याच्या संशयावरून विहीर, टँकर आणि खासगी आरओ केंद्रं यांची एकदम झडती सुरू झाली. ती रोजची असायला हवी होती.

पाण्याचा मुख्य निरीक्षक हे पद विधिमंडळाच्या कायद्याने निर्माण व्हावं, त्याला ठराविक मुदत असावी, आणि त्याचा पगार पाणी पुरवणाऱ्या कुठल्याही खात्याकडून येऊ नये, एवढीच माझी मागणी आहे. तोवर वाचकांना एक विनंती. तुमच्या वॉर्ड ऑफिसात किंवा ग्रामपंचायतीत जा आणि मागच्या महिन्याची शेवटच्या नळाची क्लोरीन नोंदवही दाखवा म्हणा.