मटारच्या शेंगा आणि यांचा अबोला

"काही झालं नाही गं, डोकं खाऊ नकोस!" गेल्या थंडीत हे वाक्य मी रोज ऐकत होते. ऑफिसातून आले की कपाळाला आठ्या, हातात टीव्हीचा रिमोट, ताटात भाजी कुठली याचाही पत्ता नाही. बाबांची चप्पल वाजली की लेक आतल्या खोलीत. मी आपली खोदून खोदून विचारायची. माझंच काही चुकलं का, हा भुंगा वेगळाच. आणि वस्तीतल्या बायकांना 'नवऱ्याशी मोकळेपणानं बोला' असं सांगणारी मीच बरं का!

शेवटी विचारणंच सोडलं. एका रविवारी मटार सोलायला बसले नि अर्ध्या शेंगा यांच्यापुढे सरकवल्या. बराच वेळ नुसत्या शेंगा फुटत होत्या. मग मान वर न करता म्हणाले, "आमचं डिपार्टमेंट बंद होतंय. दोन महिने झाले कळून." समोर बसवून विचारल्यावर जे निघालं नाही, ते हात कामात असताना निघालं. 'आधी का नाही सांगितलंत?' हे मी गिळलं. (फार जड गेलं.)

लेकीला सांगितलं, बाबा तुझ्यावर चिडलेले नाहीत.

पण यांची झोप उडालेलीच. सरकारची 'टेली-मानस' सेवा २०२२ पासून आहे. १४४१६ वर मोफत, मराठीतूनही बोलता येतं. आधी मीच फोन केला, नंबर फ्रिजवर चिकटवला. परवा यांनी तो गुपचूप मोबाइलमध्ये घेतला. मी पाहिलं, आणि कणीक मळत राहिले.