मागचा गॅस गेला कुठे?

मे महिना. दुसऱ्या दिवशी अण्णांना हृदयाच्या तपासणीसाठी कोल्हापूरला न्यायचे होते आणि गाडीचा एसी नुसता गरम वारा फेकत होता. भाट्याचा पूल ओलांडून रत्नागिरीत गेलो आणि सुट्या भागांच्या दुकानातून गॅसचा साडेचारशे ग्रॅमचा डबा घेतला. दोन वर्षांतला हा तिसरा. दुकानदाराने पैसे घेतले, डबा दिला. कशाला हवा, भरणार कोण, काही विचारले नाही.

घरी आलो तर ओटीवरून अण्णा म्हणाले, ‘‘काय रे, तुझा एसी गॅस पितो की काय?’’

माझी पंचाईत झाली. हा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. बंद नळ्यांतून तोच तो फिरतो, गाडीतली उष्णता घेतो आणि पुढच्या कंडेन्सरमधून बाहेर टाकतो. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळला. आमच्याकडे खाऱ्या वाऱ्याने दाराची कडी गंजते, तिथे कंडेन्सरच्या नाजूक नळ्यांची काय कथा!

पूर्वी गाड्यांत आर-१२ असे. तो ओझोनचा थर विरळ करतो म्हणून १९८७ साली माँट्रियल करार झाला. भारत त्यात १९९२ मध्ये सामील झाला. २००० साली आपल्याकडे नियम आले आणि २००८ मध्ये, दम्याच्या फवाऱ्यांची सवलत सोडून, त्याचे उत्पादन थांबले. त्याच्या जागी आलेला १३४ए ओझोनला धक्का लावत नाही, म्हणून २००० चे ते नियम आले तेव्हा त्याला लागू नव्हते. पण हवा तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४३० पट. म्हणजे माझा एक डबा गळला की सहाशे किलोंहून अधिक कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखे!

अमेरिकेत मोठा सिलिंडर फक्त प्रमाणपत्रधारक कारागिराला मिळतो. दोन पौंडांपर्यंतचा डबा कुणालाही मिळतो, पण २०१८ पासून त्याला आपोआप बंद होणारी झडप लागते. भारताने २०२१ मध्ये किगाली दुरुस्ती स्वीकारली. त्यानुसार अशा वायूंचा वापर २०२८ मध्ये गोठेल आणि २०३२ पासून टप्प्याटप्प्याने घटेल. तोवर दुकानाच्या फळीवर डबा आहे आणि हात आपला आहे.

संध्याकाळी ओळखीच्या मिस्त्रींनी नळ्यांत नायट्रोजन भरला, साबणाचा फेस लावला. कंडेन्सरच्या कोपऱ्यात बुडबुडे फुटू लागले. अण्णा जवळ येऊन पाहत होते. म्हणाले, ‘‘पंक्चर न काढता हवाच भरत होतास की!’’

पहाटे चारला, उन्हाच्या आत, खिडक्या उघड्या टाकून आम्ही आंबा घाट चढलो. अण्णांची तपासणी ठीक निघाली. येताना कोल्हापुरातून नवा कंडेन्सर आणला. किंमत डब्याच्या कितीतरी पट, पण त्यानंतर डबा घ्यावा लागलेला नाही.

दुकानदार विचारत नाही. मग गॅस घेण्याआधी आपणच स्वतःला विचारावे, मागचा गॅस गेला कुठे?