माळढोकाच्या मुलखात थंडीची सुट्टी

नाताळची सुट्टी जवळ आली की कोकण आणि महाबळेश्वर यांच्या जोडीला हल्ली सोलापूरकरांच्या बोलण्यात आणखी एक नाव येते, जैसलमेर. वाळूच्या टेकड्यांत तंबू, उंटावरची फेरी, शेकोटी, आणि मांगणियार गायकांचे कमायचा-खडताल. प्रवास लांबचा, म्हणून डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी जाते. शहाणी मंडळी बॅगेच्या तळाशी दोन जाड सोलापुरी चादरीही कोंबतात. या चादरींचे महत्त्व पहिल्याच रात्री कळते.

कारण थर वाळवंटाची थंडी आपल्या अंदाजात बसत नाही. दुपारी नुसत्या शर्टावर फिरावे असे ऊन असते, पण मावळतीनंतर तासाभरात हात गारठतात. जानेवारीत जैसलमेरची रात्र साधारण सात-आठ अंशांवर असते, कधी कधी पारा शून्याजवळही जातो. एरवी पंधरा अंशांनाच कडाका म्हणणाऱ्या सोलापूरकरांची तिथे तारांबळ उडते. या थंडीमागे दोन कारणे आहेत. कोरड्या वाळूतून उष्णता खोल शिरत नाही, दिवसभराचे ऊन वरच्या वीतभर थरातच राहते. वर ढग नाहीत, हवेत बाष्प नाही, त्यामुळे सूर्य गेला की हा थर सगळी ऊब आकाशाला देऊन टाकतो. गार हवा जड असते, ती टेकड्यांमधल्या खळग्यांत साचते. म्हणून तंबू अगदी खोलगट जागी नसावा. पांघरुणाइतकेच अंथरूणही जाड हवे, कारण थंडी खालूनही चढते.

मुक्कामाची दोन ठिकाणे प्रसिद्ध आहेत. शहराच्या पश्चिमेला चाळीसेक किलोमीटरवर सम, आणि नैर्ऋत्येला तेवढ्याच अंतरावर खुडी. समला तंबूंच्या रांगाच रांगा आहेत. जेवणानंतर ध्वनिक्षेपक, झगझगीत दिवे, वाळूवर धावणाऱ्या जीपगाड्या. खुडी त्या मानाने शांत आहे, गावातल्या मातीच्या घरांतही राहता येते. वाळवंट पाहायला एवढ्या लांब जायचे तर खुडीच बरे. तिथे दिवे मालवले की मृग नक्षत्र आणि त्याच्या मागून येणारा व्याध इतके ठळक दिसतात की शहरातल्या मुलांना ते वेगळेच आकाश वाटते. अमावास्येच्या आसपासची तारीख साधली तर उत्तम.

पहाटे मात्र लवकर उठायला हवे. पहिली जीप फिरण्याआधी वाळूवर रात्रीची सगळी हकिगत उमटलेली असते. भुंग्याच्या पायांची शिवणीसारखी दुहेरी ओळ, मध्येच एका बिळापाशी थबकलेली उंदराची नखे, आणि त्या बिळाभोवती एक वळसा घालून पुढे गेलेली खोकडाची पावले. जरा वारा सुटला की सगळे पुसले जाते.

थर म्हणजे नुसती वाळू नव्हे. बराचसा भाग खडकाळ आणि गवताळ आहे. त्यात सेवण नावाचे चिवट गवत वाढते, मध्येच खेजडीची, म्हणजे आपल्या शमीची झाडे असतात. या गवतात देशातले बहुतेक उरलेसुरले माळढोक राहतात. राजस्थानात त्याला गोडावण म्हणतात, तो त्या राज्याचा पक्षी आहे. सगळे मिळून जगात दीडशेच्या आसपासच माळढोक उरले असावेत. मीटरभर उंचीचा हा जड पक्षी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालतो. त्याला समोरचे नीट दिसत नाही आणि उडताना पटकन वळता येत नाही, म्हणून उच्चदाबाच्या वीजतारांवर आदळून तो मरतो. सौर आणि पवनऊर्जेच्या प्रकल्पांमुळे जैसलमेरमध्ये अशा तारांचे जाळे वाढते आहे. तारा जमिनीखालून न्याव्यात की नाही हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. समजवळ २०१९ पासून कृत्रिम प्रजननाचे केंद्र चालते, तिथे अंडी उबवून पिल्ले वाढवली जातात.

सोलापूरकराने हे सगळे जिव्हाळ्याने ऐकायला हवे. कारण हाच पक्षी एके काळी त्याच्या दारात होता.

बार्शी रस्त्यावरचे नान्नज शहरापासून वीस-बावीस किलोमीटरवर आहे. पक्षी अभ्यासक बी. एस. कुलकर्णी यांनी सत्तरच्या दशकात इथले माळढोक लोकांच्या नजरेस आणले. १९७९ मध्ये सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत अभयारण्य जाहीर झाले, तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटरचे. त्यात शेते आली, गावे आली, जमिनीच्या व्यवहारांवर बंधने आली आणि लोकांचा रोष पक्ष्यावर निघाला. पुढे क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरपर्यंत खाली आले. दरम्यान पाणी आले तिथे ऊस आणि द्राक्षे आली. उरलेल्या माळावर, तो 'पडीक' आहे असे समजून, चांगल्या हेतूने झाडे लावली गेली. माळढोकाला मोकळे गवत लागते, झाडी नको असते. त्याला पळवून लावण्यात आपल्या या सगळ्या चुकांचा वाटा आहे. आता नान्नजला एखादा माळढोक दिसला तर त्याची बातमी होते.

तरी माळ ओसाड नाही. थंडीत कुसळी आणि पवन्याचे गवत सोनेरी होते. काळविटांचे कळप त्यात कमरेएवढे बुडालेले दिसतात. नशीब असेल तर लांडगाही दिसतो. मध्य आशियातून आलेले भोवत्या पक्षी दिवसभर गवतावरून खाली तरंगत शिकार करतात आणि संध्याकाळी जमिनीवरच गवतात झोपायला उतरतात. आजूबाजूच्या शिवारात याच दिवसांत ज्वारी हुरड्यावर आलेली असते. पाऊस जेमतेम साडेपाचशे मिलिमीटर, म्हणजे जैसलमेरच्या अडीच-तीनपट. दोन्ही मुलूख कोरडे, आणि दोन्हींची श्रीमंती गवतात.

तेव्हा जैसलमेरला जरूर जावे. तंबू ठरवताना मात्र मालकाला आधीच सांगावे की आम्हाला ध्वनिक्षेपक नको, गायक समोर बसून गाऊ देत. गवतातून गाडी घालायला साफ नकार द्यावा. पाहुणे मागतील तेच पुरवले जाते, त्यामुळे या मागणीला वजन आहे. आणि सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेची गडबड सुरू होण्याआधी एक सकाळ नान्नजसाठी ठेवावी. अभयारण्यात तंबू ठोकता येत नाही, त्याची गरजही नाही. वनखात्याची परवानगी घ्यावी, मातकट रंगाचे कपडे घालावेत, दुर्बीण आणि मुले बरोबर घ्यावीत आणि उजाडायच्या आत पोहोचावे. सोलापुरातून जेमतेम पाऊण तास लागतो.