नवान्नाची तिथी व भाताची कापणी

आश्विन पौर्णिमा जवळ आली म्हणजे कोकणातील भातकऱ्याच्या घरी नवान्नाची तयारी सुरू होते. भाताच्या लोंब्या, आंब्याची पाने व फुले एकत्र बांधून ते 'नवे' दाराच्या चौकटीस लावावयाचे, आणि देवास नैवेद्य दाखविल्यावाचून नवा तांदूळ मुखी घालावयाचा नाही, हा परिपाठ आमच्या वाचकांस परिचित आहे.

हा नेम केवळ आपलाच नव्हे. पश्चिम आफ्रिकेतील नायजेरिया देशात इग्बो लोकांचे मानाचे पीक म्हणजे आपल्या कोनफळाच्या कुळातील कंद होय. तेथेही साधारणतः ऑगस्टच्या सुमारास उत्सव करून नवा कंद देवतांस व पूर्वजांस अर्पण करतात. तोपर्यंत तो खाणे परंपरेने वर्ज्य असते. त्याच भागातील घाना देशात अक्रा शहराच्या परिसरातील गा लोक मक्याचा 'होमोवो' सण करतात. भुकेची हुर्यो उडविणे, असा त्या नावाचा अर्थ.

या नेमाचे मर्म आमच्या मते संयम हे होय. पावसाळ्याअखेर कणगी रिती होत आली असता कोवळे पीक ओरबाडण्याचा मोह होतो. त्यास सणाचे बंधन आवर घाली.

परंतु तिथी चंद्रावर चालते, पीक पावसावर व वाणावर. अधिक श्रावणामुळे २०२३ साली कोजागिरी २८ ऑक्टोबरास आली. २०२५ साली ती ६ ऑक्टोबरासच होती. कर्जत येथील भात संशोधन केंद्र १९१९ साली स्थापन झाले. तेथील वाणांपैकी कर्जत-१८४ व कर्जत-३ हे हळवे, तर कर्जत-२ हा गरवा. जूनच्या आरंभी पेरलेले हळवे भात सप्टेंबरअखेर तयार होते. गरव्यास ऑक्टोबरची अखेर उजाडते. कर्जत-खालापूर तालुक्यांत ज्यांची उंच खाचरे हळव्याची व सखल खाचरे गरव्याची आहेत, त्यांस एकच तिथी दोहोंस कशी लागू पडावी? तिथीसाठी पिकलेले भात उभे ठेवल्यास दाणे झडतात. परतीच्या पावसात ते लोळले, तर लोंबीतच मोड येतात.

म्हणून आमची विनंती एवढीच की, नैवेद्यापुरत्या लोंब्या तिथीस आणाव्या. कापणीचा मुहूर्त मात्र दाण्यास विचारावा. लोंबीतील शेकडा ८० ते ९० दाणे पिवळे झाले की विळा लावावा. तत्पूर्वी आठ-दहा दिवस खाचरातील पाणी काढून टाकावे, व आभाळ भरलेले असता कापलेले भात उघड्यावर पसरून ठेवू नये.

चौकटीवरील नवे वर्षभर दृष्टीस पडते. त्याखालून आत जाताना कणगीही भरलेली दिसावी, यातच सणाचे सार्थक आहे.